कोर्टाची पायरी : आजारी मन आणि शिक्षेची सुनावणी

मागील अंकात मारामारीच्या गुन्ह्यांविषयी लिहिताना ‘शिक्षा ठरवताना आरोपीची मनःस्थितीही न्यायालयापुढे ठेवता येते’ असे एक वाक्य मी ओझरते लिहून गेलो होतो. त्या एका वाक्यावर खानापूर, निपाणी, हल्याळ आणि बेळगाव शहरातून पत्रे आली, म्हणून या वेळी सगळी जागा त्यांनाच दिली आहे. पत्रलेखकांची ओळख पटेल असा तपशील वगळला आहे.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ चौतीस वर्षांचा आहे. नऊ वर्षांपूर्वी त्याला आवाज ऐकू येऊ लागले. घरच्यांनी आधी ‘बाहेरचे’ समजून देवऋष्याकडे नेले, सौंदत्तीच्या डोंगरावर नेले. शेवटी कोल्हापूरच्या डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया असल्याचे सांगितले. पुढे औषधे धारवाडहून चालू होती. गेल्या पावसाळ्यात संपलेल्या गोळ्या पुन्हा आणल्या गेल्या नाहीत, आणि शेजारी आपल्या विहिरीत विष टाकत आहेत असे म्हणत त्याने शेजाऱ्यांच्या हातावर कोयत्याने वार केला. त्यांची दोन बोटे गेली. वार केल्यावर तो तिथेच बांधावर बसून राहिला. आता तो हिंडलग्याच्या तुरुंगात आहे. वकील म्हणतात, वेडाचा बचाव टिकणे अवघड आहे. मग त्याच्या आजाराचा खटल्यात काहीच उपयोग नाही का? (एक बहीण, खानापूर तालुका)

उत्तर : ताई, तुमच्या वकिलांचे म्हणणे एका प्रश्नापुरते बरोबर असू शकेल, परंतु कायदा आजाराविषयी एकच प्रश्न विचारत नाही. वार करताना भावाची अवस्था काय होती, आज खटला चालवताना ती काय आहे, आणि दोषी ठरलाच तर शिक्षा ठरवताना तिचे वजन किती, हे तीन निरनिराळे प्रश्न आहेत. आपल्याकडे पहिला प्रश्न सुटला नाही की उरलेले दोन विचारायचेच राहून जातात.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ मध्ये आहे, जे जुन्या दंड संहितेत कलम ८४ होते. मनोविकृतीमुळे आपण काय करतो आहोत हे, किंवा ते चूक अथवा बेकायदा आहे हे, त्या क्षणी ज्याला समजत नव्हते, त्याचे कृत्य गुन्हा ठरत नाही. डॉक्टरांच्या दृष्टीने आजारी असणे आणि कायद्याच्या दृष्टीने मन विकृत असणे यांत न्यायालये फरक करतात, त्यामुळे निव्वळ ‘नऊ वर्षे औषध चालू आहे’ एवढ्याने भागत नाही. मात्र १९६४ मध्ये गुजरातच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवले आहे की, आरोपीने मांडलेल्या पुराव्याने त्याच्या हेतूविषयीच वाजवी शंका निर्माण झाली, तरी त्याचा लाभ त्याला मिळतो. २००२ मध्ये महाराष्ट्रातील एका पोलीस शिपायाला, ज्याने पत्नीच्या डोक्यात दगड घालून तिला ठार केले होते, याच कलमाखाली सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष ठरवले. त्याच्यावर आधीपासून उपचार चालू असल्याच्या नोंदी होत्या, घराण्यात आजार होता आणि कृत्यानंतर त्याने पळण्याचा किंवा लपण्याचा प्रयत्न केला नव्हता, या गोष्टी एकत्र पाहिल्या गेल्या. तुमचा भाऊ बांधावर बसून राहिला हे म्हणूनच महत्त्वाचे आहे. ते कोणी पाहिले, पोलीस येईपर्यंत तो काय बोलत होता, पंचनाम्यात आणि साक्षीदारांच्या जबाबात हे आले आहे का, हे वकिलांना आरोपपत्र उघडून दाखवायला सांगा. एक मात्र लक्षात ठेवा, की या कलमाखाली सुटका झाली तरी माणूस त्याच संध्याकाळी घरी येईलच असे नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७४ प्रमाणे न्यायालय त्याला सुरक्षित ठिकाणी ठेवू शकते किंवा हमी घेऊन नातेवाइकांच्या स्वाधीन करू शकते.

दुसरा प्रश्न आजच्या अवस्थेचा. भावाला आपल्यावर कोणता खटला चालू आहे हेच उमगत नसेल, वकिलाला तो धड काही सांगू शकत नसेल, तर याच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६७ आणि ३६८ प्रमाणे न्यायालयाने त्याची मनोविकारतज्ज्ञाकडून तपासणी करवून घ्यायची असते. तो बचाव करण्यास असमर्थ ठरला, तर कलम ३६९ मध्ये अशी तरतूद आहे, की गुन्हा जामीनपात्र असो वा नसो, त्याला रुग्णालयात दाखल ठेवण्याची गरज नसेल आणि नातेवाईक किंवा मित्राने जवळच्या केंद्रात नियमित उपचार करण्याची व तो स्वतःला किंवा इतरांना इजा करणार नाही हे पाहण्याची हमी दिली, तर न्यायालय त्याला सोडू शकते. ही हमी कागदावरची नसावी. औषध कोण देणार, तपासणीला धारवाडला दर महिन्याला कोण नेणार, शेजाऱ्यांच्या बांधापासून तो लांब कसा राहील, हे तुम्ही नावानिशी लिहून दिलेत तर न्यायाधीशांना विश्वास ठेवायला जागा मिळते.

आता तिसरा प्रश्न, ज्यासाठी मी हे उत्तर इतके लांबवले आहे. धारदार हत्याराने गंभीर दुखापत केल्याबद्दल न्याय संहितेच्या कलम ११८ मध्ये कमीत कमी एक वर्षाचा, जास्तीत जास्त दहा वर्षांचा कारावास किंवा थेट जन्मठेप सांगितली आहे. एक वर्ष आणि जन्मठेप यांच्यामध्ये केवढे मोठे शिवार पसरले आहे पाहा. त्यात नेमके कुठे थांबायचे हे सांगणारी शिक्षानिर्धारणाची नियमावली आपल्या देशात नाही. जन्मठेपेची तरतूद असल्यामुळे १९५८ च्या परिवीक्षा (प्रोबेशन) कायद्याचे कलम ४, म्हणजे तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडण्याची सोय, हीही इथे उपयोगी नाही. उरते ती फक्त शिक्षेबाबतची सुनावणी. सत्र न्यायालयात नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २५८ प्रमाणे दोषी ठरवल्यानंतर शिक्षेच्या मुद्द्यावर आरोपीचे म्हणणे ऐकावेच लागते, आणि ते केवळ तोंडी म्हणणे नसून त्यासाठी पुरावाही देता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्येच स्पष्ट केले आहे.

प्रत्यक्षात काय घडते ते मी तीस वर्षे पाहत आलो आहे. सकाळी अकराला दोषी ठरवल्याचे वाचून दाखवले जाते, दुपारी जेवणानंतर शिक्षेची सुनावणी असते, आणि वकील उभे राहून म्हणतात, ‘आरोपी गरीब आहे, घरी म्हातारे आईवडील आहेत, दया दाखवावी.’ हेच वाक्य मीही अनेकदा म्हटले आहे, आणि त्याची मला आज लाज वाटते. आजाराच्या नऊ वर्षांच्या चिठ्ठ्या त्या वेळी घरी पत्र्याच्या पेटीत असतात. म्हणून आत्ताच कामाला लागा. कोल्हापूरच्या दवाखान्याचे केसपेपर, धारवाडचे डिस्चार्ज कार्ड, औषधदुकानाच्या पावत्या, गोळ्या केव्हा तुटल्या हे दाखवणारी शेवटची पावती, हे सगळे तारीखवार लावा. महाराष्ट्रातील डॉक्टरांना साक्षीला येणे जमत नसेल तर नव्या संहितेत दृक्श्राव्य माध्यमातून साक्ष नोंदवण्याची सोय आहे, तसा अर्ज वकिलांनी द्यावा. मराठीतील नोंदींचे कन्नड किंवा इंग्रजी भाषांतर आधीच करून ठेवा. सीमेवरच्या माणसाचा आजार दोन राज्यांच्या दवाखान्यांत आणि तीन भाषांच्या कागदांत विखुरलेला असतो, तो गोळा करून एका फायलीत लावण्याचे काम न्यायालय करणार नाही. शिक्षेच्या सुनावणीसाठी पुढची तारीख मागण्यात कमीपणा नाही, हेही वकिलांना सांगा.

प्रश्न : आपण आजारी आरोपीची बाजू फार घेता असे वाटते. उद्या प्रत्येक जण डॉक्टरचे सर्टिफिकेट घेऊन उभा राहील. ज्याची बोटे गेली त्याने काय करायचे? (एक निवृत्त शिक्षक, निपाणी)

उत्तर : गुरुजी, तुमचा दुसरा प्रश्न मला पहिल्यापेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो, तरी क्रमाने जातो. सर्टिफिकेट हा पुरावा नसून पुराव्याची सुरुवात आहे. ते देणाऱ्या डॉक्टरची उलटतपासणी होते, सरकारी वकील दुसरे तज्ज्ञ आणू शकतात. आजाराच्या पुराव्याला समोरच्या पक्षाने आव्हान दिले, तर २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम १०५ प्रमाणे न्यायालय तो प्रश्न मानसिक आरोग्य मंडळाकडे पाठवते. गुन्ह्यानंतर आठ दिवसांनी मिळवलेले पत्र आणि गुन्ह्याच्या नऊ वर्षे आधीपासूनचे केसपेपर यांतला फरक न्यायाधीशाला समजत नाही असे मानू नका. शिवाय मनाचा आजार म्हणजे हिंसा, हे समीकरण चुकीचे आहे. मानसिक आजाराने त्रस्त असलेली बहुतेक माणसे कोणाच्या वाटेला जात नाहीत.

आता बोटे गेलेल्या माणसाविषयी. आरोपीची शिक्षा दोन वर्षांनी वाढली म्हणून त्याला नांगर धरता येणार नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९५ प्रमाणे न्यायालय आरोपीकडून भरपाई देववू शकते, आणि ती अपुरी असेल किंवा आरोपी सुटला असेल, तर कलम ३९६ खालील पीडित भरपाई योजनेतून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मागणी करता येते. आरोपी मनोविकृतीच्या कारणाने निर्दोष ठरला तरी हा मार्ग बंद होत नाही, हे फार थोड्या जखमींना कोणी सांगते. माझे मत विचाराल तर आजारी आरोपीला सौम्य शिक्षा आणि जखमीला पुरती भरपाई या दोन्ही मागण्या एकाच अर्जावर करायला हव्यात. त्यांना एकमेकींच्या विरोधात उभे करण्याची आपली सवय आहे.

प्रश्न : माझा मुलगा बावीस वर्षांचा आहे, पण समज सात-आठ वर्षांच्या मुलाइतकी. त्याच्याकडे दिव्यांगत्वाचे ओळखपत्र आहे. बाजारात काही मुलांनी त्याच्या हातात चोरलेला मोबाईल दिला आणि तोच पकडला गेला. विचारेल त्याला तो ‘होय’ म्हणतो. त्याला बालगुन्हेगार धरतील का? (एक वडील, हल्याळ)

उत्तर : नाही. बालन्याय कायदा जन्मतारखेचे वय पाहतो, समजेचे नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदाही तुमच्या मुलाला लागू होत नाही, कारण त्यातील मानसिक आजाराच्या व्याख्येतून बौद्धिक वाढ खुंटलेल्या अवस्थेला मुद्दाम वगळले आहे. तुमचा आधार म्हणजे २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा. त्याच्या कलम १२ प्रमाणे न्यायालयासमोर जाताना दिव्यांगत्वामुळे कोणताही भेदभाव होऊ नये आणि आवश्यक ते साहाय्य मिळावे, ही शासनाची जबाबदारी आहे. वर सांगितलेली ३६७ ते ३६९ ही कलमे बौद्धिक अक्षमतेलाही लागू आहेत.

त्याच्या ‘होय’विषयी मात्र सावध राहा. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातील एका न्यायालयात असाच एक मुलगा उभा होता. न्यायाधीशांनी कन्नडमध्ये गुन्हा कबूल आहे का विचारले, तो लगेच म्हणाला, ‘हौद्री’, म्हणजे ‘होय’. लेखनिकाची बोटे चालू झाली. माझा त्या खटल्याशी संबंध नव्हता, मी माझ्या तारखेची वाट पाहत बसलो होतो, पण राहवले नाही म्हणून उठून परवानगी मागितली आणि त्याला विचारले, ‘काल तू दिल्लीला जाऊन आलास का?’ ‘हौद्री.’ ‘विमान तूच चालवलेस?’ ‘हौद्री.’ न्यायाधीशांनी लेखनिकाला हाताने थांबवले आणि मुलाला तपासणीसाठी पाठवले. त्या मुलाला कन्नड येत होते की नव्हते, हा प्रश्नच नव्हता. अधिकाराच्या खुर्चीतून आलेल्या कोणत्याही वाक्याला मान डोलावणे, एवढीच जगण्याची रीत तो शिकला होता. तुमच्या मुलाचा कबुलीजबाब नोंदवण्याची वेळ येण्याआधी ओळखपत्राची प्रत, विशेष शाळेचा दाखला असल्यास तो, आणि बुद्ध्यांक चाचणीचा अहवाल न्यायालयात दाखल झाला पाहिजे. पोलिसांसमोर दिलेली कबुली त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही, हेही लक्षात असू द्या.

शिक्षेपर्यंत गोष्ट गेलीच, तर चोरीच्या बाबतीत वाटा बऱ्याच मोकळ्या आहेत. परिवीक्षा कायद्याखाली केवळ समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडता येते. वस्तूची किंमत ५,००० रुपयांपेक्षा कमी असेल, हा पहिलाच अपराध असेल आणि वस्तू परत केली असेल, तर न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये समाजसेवेची शिक्षा सांगितली आहे. ती त्याला झेपेल अशी असावी आणि सोबत ओळखीचे माणूस असावे, एवढे मागायला विसरू नका. गजबजलेल्या कार्यालयात झाडू हातात देऊन त्याला एकट्याला उभे केले, तर ती समाजसेवा होणार नाही, तमाशा होईल.

(मूकबधिर आरोपीविषयी विचारणाऱ्या वाचकांसाठी : मन निरोगी असूनही ज्याला कामकाज समजावून देता येत नाही, त्याचा खटला चालवता येतो, परंतु तो दोषी ठरल्यास नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५७ प्रमाणे कागद उच्च न्यायालयाकडे पाठवावे लागतात आणि योग्य तो आदेश तेथे होतो. आपल्यासाठी ते धारवाड खंडपीठ.)

प्रश्न : दारूच्या नशेत केलेल्या गुन्ह्याला मनोविकृतीचे कलम लागते का? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : स्वतःहून प्यायलेल्याला नाही. कोणी फसवून किंवा बळजबरीने पाजली असेल, तरच न्याय संहितेच्या कलम २३ चा बचाव मिळतो. परंतु दारूच्या व्यसनातून निर्माण झालेली मानसिक अवस्था मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या व्याख्येत येते, त्यामुळे व्यसनमुक्तीचे उपचार सुरू केल्याची नोंद शिक्षेच्या सुनावणीत दाखवता येते. ती गुन्ह्यानंतर लगेच सुरू केलेली असावी. दोषी ठरल्याच्या आदल्या दिवशी घेतलेले प्रवेशपत्र कोणी मनावर घेत नाही.

प्रश्न : फाशीच्या कैद्याला वेड लागले तर फाशी देत नाहीत असे ऐकले आहे. हे खरे आहे का? (एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, बेळगाव)

उत्तर : बरेचसे खरे आहे, आणि त्यातील एक धागा तुमच्या शहराच्या वेशीवरून जातो. १९९३ च्या पालार सुरुंगस्फोट प्रकरणात फाशीची शिक्षा झालेले चंदनतस्कर वीरप्पनचे चार साथीदार हिंडलगा कारागृहात होते. २०१३ मध्ये त्यांचे दयेचे अर्ज फेटाळले गेले, तेव्हा बेळगावात वर्तमानपत्रांच्या गाड्यांची रांग लागली होती. २१ जानेवारी २०१४ रोजी शत्रुघ्न चौहान खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या चौघांसह एकूण पंधरा जणांची फाशी रद्द करून जन्मठेप दिली. चौघांच्या बाबतीत कारण दयेच्या अर्जाला लागलेला विलंब हे होते, पण त्याच निकालात मानसिक आजार हेही फाशी रद्द करण्याचे कारण ठरू शकते, असे न्यायालयाने मान्य केले. त्याआधी १९८० च्या बचन सिंग निकालात, मानसिक दोषामुळे आपल्या कृत्याचे गुन्हेगारी स्वरूप ओळखण्याची क्षमता खुंटलेली असणे, ही शिक्षा सौम्य करणारी परिस्थिती म्हणून नोंदवली गेली होती. २०१९ मध्ये महाराष्ट्रातील एका खटल्यात न्यायालय आणखी पुढे गेले आणि शिक्षेनंतर जडलेला तीव्र आजारही विचारात घेतला. शिक्षा का दिली जात आहे हेच ज्याला समजू शकत नाही, इतका आजार गंभीर हवा, अशी कसोटी त्यात आहे. त्या कैद्याच्या आजाराची गोपनीयता राखण्यासाठी निकालपत्रात त्याचे नाव न देता ‘आरोपी एक्स’ असे म्हटले आहे. २०२२ च्या मनोज खटल्यात तर फाशीची शक्यता असलेल्या खटल्यांत आरोपीचे मानसिक मूल्यमापन खटल्याच्या टप्प्यावरच मागवावे, असे निर्देश आहेत.

मला यात खटकते ते असे, की मनाचा विचार आपल्याकडे दोराच्या टोकापासून सुरू झाला. वर्षाला फार थोड्या खटल्यांत फाशी होते. कोयता, चोरी, दंगा, शिवीगाळ यांच्या खटल्यांत, जिथे सामान्य घरांतली आजारी माणसे अडकतात, तिथे मूल्यमापनाचा अहवाल मागवणे हा अजून वकिलाच्या आणि न्यायाधीशाच्या मर्जीचा भाग आहे. शिक्षानिर्धारणासाठी स्वतंत्र समिती नेमावी, असे फौजदारी न्यायव्यवस्थेतील सुधारणांसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती मळीमठ समितीने २००३ मध्ये सुचवले होते, आणि केंद्राने शिक्षाविषयक धोरणाचा विचार करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये पुन्हा म्हटले. नवे तीन कायदे १ जुलै २०२४ पासून आले, त्यांत तशी नियमावली नाही. ती येईल तेव्हा येवो. परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल तीन वर्षांहून अधिक शिक्षेच्या प्रत्येक खटल्यात मागवण्याची पद्धत जिल्हा पातळीवर आजही पाडता येईल, त्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही.

प्रश्न : वडील कच्चे कैदी आहेत. त्यांच्या मनाच्या आजाराच्या गोळ्या तुरुंगात मिळतात का? वकील देण्याची ऐपत नाही. (एक मुलगी, बेळगाव तालुका)

उत्तर : कोठडीत असलेल्या आणि दिव्यांग असलेल्या व्यक्तीला विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. १५१०० या क्रमांकावर किंवा जिल्हा न्यायालयातील प्राधिकरणाच्या कार्यालयात चौकशी करा. घरच्यांना स्वतःसाठी कोणाशी बोलावेसे वाटले तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी दूरध्वनी सेवेचा क्रमांक १४४१६ आहे, तेथे कन्नडप्रमाणे इतर भाषांतही बोलता येते. गोळ्यांच्या बाबतीत, मानसिक आजार असलेल्या कैद्याच्या उपचारांची जबाबदारी मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम १०३ प्रमाणे शासनाची आहे. भेटीच्या दिवशी कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या नावे साधा अर्ज लिहा, त्यात आजाराचे नाव, गोळ्यांची नावे, मात्रा आणि शेवटची गोळी कोणत्या तारखेला घेतली ते लिहा, आणि पोच घ्या. सोबत डॉक्टरांच्या चिठ्ठीची झेरॉक्स लावा. मूळ चिठ्ठी कोणालाही देऊ नका, ती पुढे न्यायालयात लागणार आहे.